सहा अंश तिरपा काप

आमच्या कापण्याच्या खोलीत बाराही महिने पाऊस पडायचा. दगड कापायची करवत सुरू केली की पातं थंड राहावं म्हणून वरून पाण्याची धार सोडावी लागते, आणि ते पाणी दगडाची पूड घेऊन चारी दिशांना उडतं. म्हणून दारावर पाटी होती : 'करवत चालू असताना आत येऊ नये.' पाटी मीच रंगवली होती, चांगली ठळक, लाल अक्षरांत. तरीही त्या सकाळी एक माणूस दार ढकलून सरळ आत आला... पांढराशुभ्र शर्ट घालून.

मी करवत बंद करेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. कॉलरपासून पट्ट्यापर्यंत तो राखाडी चिखलाने माखला होता. चष्म्याच्या एका काचेतून काही दिसत नसावं, कारण त्याने मान वाकडी करून दुसऱ्या काचेतून माझ्याकडे पाहिलं.

"पाटी वाचता येत नाही?" मी विचारलं.

"वाचली," तो म्हणाला. "पण पाट्यांवर माझा चटकन विश्वास बसत नाही. आत येऊन खात्री करून घेतो."

"मग, झाली खात्री?"

"अगदी बनियनपर्यंत."

मी त्याला माझा टॉवेल दिला. तो टॉवेल त्याच्या शर्टाहून मळका आहे हे त्याने तोंड पुसल्यावर दोघांच्याही लक्षात आलं. त्याला आता छान राखाडी मिशा आल्या होत्या. मला हसू आवरेना आणि तो मात्र गंभीरपणे विचारत होता, "का? काय झालं?" खरं सांगायचं तर मी तिथेच घसरले. पुढचे आठ महिने नुसते सावरल्याचं सोंग होतं.

मी संग्रहालयात जीवाश्म कापते. कुणालाही हे सांगितलं की लोक 'अरे वा' म्हणतात आणि हवापाण्याकडे वळतात. तो वळणारा नव्हता, कारण तो आलाच होता त्यासाठी. आमच्याकडे चारशे ट्रे भरून अतिप्राचीन शंखवाले जीव पडून होते. ऑक्टोपसचे खापरपणजोबा म्हणा ना! कोट्यवधी वर्षांपूर्वी हे जीव समुद्रात लांबट, शंकूसारख्या शंखात राहायचे. शंखात आडवे पडदे, पडद्यांमधले कप्पे, आणि सगळ्या कप्प्यांतून आरपार गेलेली एक नळी. जीव केव्हाच नामशेष झाले, पण त्यांच्यात कोण कोणाचा सख्खा आणि कोण चुलत हे भांडण काही मिटलेलं नाही. ते ठरतं नळीवरून. नळी शंखाच्या काठाने जाते की मधून, हे पाहायचं तर दगड उभा कापावा लागतो, अगदी बरोबर मध्यावर. कापायचं काम माझं, आणि बघून गट पाडायचं काम त्याचं.

आठवड्याभरात आमच्या विभागाने त्याचं नाव शंकासुर ठेवलं. हा माणूस प्रत्येक ट्रे उघडायचा आणि आतल्या चिठ्ठीशी भांडायचा. चिठ्ठी म्हणजे, दगड ज्याने कापला त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद : कुठून आला, कसा कापला, दोन्ही अर्धे भाग आहेत की नाहीत. आमच्या विभागाचा नियम असा की एकदा ट्रेमध्ये घातलेली चिठ्ठी कधीच काढायची नाही. चुकली असेल तर दुरुस्तीची नवी चिठ्ठी तारीख घालून तिच्याखाली ठेवायची.

"म्हणजे तुम्ही चुकासुद्धा जपून ठेवता?" त्याने पहिल्याच दिवशी विचारलं.

"हो. पुढच्याला कळायला नको, आधीचा कुठे आपटला ते?"

"हा नियम मला आवडला."

"वा! एक तरी गोष्ट आवडली म्हणायची."

"दोन," तो म्हणाला आणि कान लाल होईपर्यंत ट्रेमध्ये डोकं घालून बसला.

महिन्याभराने तो माझ्या खोलीत आला. या वेळी दारावर टकटक करून. त्याच्या हातात मापांनी भरलेला एक कागद होता.

"तुमचे चाळीस काप तपासले," तो म्हणाला. "एकही अर्धा अंशसुद्धा तिरपा नाही."

"चोरून तपासत होतात?"

"उघड तपासले असते तर तुम्ही पाणी उडवलं असतं." मग त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तेव्हा... आजपासून या अक्षरातल्या चिठ्ठीवर आपली शंका नाही. बाकी साऱ्या दुनियेवर आहे."

दुसऱ्या कुणाला असं ऐकून गुदगुल्या झाल्या असत्या. मलाही झाल्या. पण त्याच वेळी माझी नजर कपाटातल्या एका ट्रेकडे गेली, आणि ती का गेली हे आता सांगायलाच हवं.

माझे बाबा याच विभागाचे प्रमुख होते. मी एकोणीस वर्षांची असताना त्यांचे हात थरथरायला लागले आणि करवत माझ्या हाती आली. माझ्या हातून कापला गेलेला तो दुसराच दगड, ट्रे क्रमांक एकशे सतरा. काप निम्म्यात असताना पकडीचा स्क्रू ढिला झाला आणि दगड जरासा फिरला. थांबायला हवं होतं. बाबा मागे उभे होते, रागावतील असं वाटलं, म्हणून मी तसाच रेटून कापला. त्यातला एक अर्धा भाग बाबांनी टोकं छाटून, घासून, पातळ करून काचेवर चिकटवला, भिंगाखाली धरला आणि ते खुर्चीवरून उठलेच. जीव लहान असताना नळी काठाला, आणि तो मोठा होईल तशी मध्याकडे सरकलेली! असं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. त्या एका दगडावर बाबांनी नवा गट उभा केला, सरकत्या नळीवाल्यांचा. तो ग्रंथांत गेला. दूरदूरहून पत्रं आली. बाबांच्या आयुष्यातली तेवढीच एक मोठी गोष्ट.

तीन वर्षांनी एका रिकाम्या दुपारी मी त्याच दगडाचा उरलेला अर्धा भाग सुईने साफ करत बसले होते. रुंद टोकावरचा कठीण थर निघाला आणि खाली नळी दिसली. जिथे ती मध्यावर असायला हवी होती तिथेही काठालाच चिकटलेली! नळी कुठेही सरकली नव्हती. माझा काप तिरपा गेला होता, म्हणून ती सरकल्यासारखी दिसत होती. मी मोजलं. सहा अंश.

तो तुकडा मी माझ्या खणात, तुटक्या पात्यांखाली लपवला आणि ट्रेमध्ये चिठ्ठी घातली : 'दुसरा अर्धा भाग हरवला.' खाली माझी सही. बाबा त्या वर्षी निवृत्त होत होते. सत्काराचा हार गळ्यात असलेल्या माणसाला हे कोण सांगणार? पुढच्या वर्षी त्यांची नजर गेली तेव्हा सांगवेना, आणि मग सांगायचं राहूनच गेलं.

शंकासुर आपल्या गतीने ट्रे उघडत एकशे सतराकडे येत होता. मध्ये किती काय काय झालं! एकदा त्याला एका शंखातले पडदे मोजायचे होते.

"अठराव्यावर बोट ठेवा," तो म्हणाला. "मी लिहून घेतो. हलवू नका हं."

मी बोट ठेवलं. ते हलू नये म्हणून त्याने त्यावर आपलं बोट ठेवलं. खिडकीबाहेर रिपरिप चालू होती, पन्हळीतून पाणी ठिबकत होतं. मिनिट गेलं, दोन गेली.

"अजून किती लिहायचंय?" मी विचारलं.

"लिहून... मघाशीच झालं."

"मग?"

"मग काही नाही. तू हलवू नकोस."

तेव्हापासून आम्ही अहोजाहो सोडलं. तो मला करवतबाई म्हणायचा, मी त्याला शंकासुर. माझ्या भुवईवर रोज थोडी दगडाची पूड बसायची आणि घरी जायच्या आधी ती तो रुमालाच्या टोकाने पुसायचा. ती मी धुऊन टाकू शकत असे. पण मी ती ठेवायची.

सहाव्या महिन्यात एकशे सतरा त्याच्या टेबलावर आला. मी त्या वेळी समोरच उभी होते.

"दुसरा अर्धा कुठंय गं?"

"चिठ्ठी वाचली नाहीस?"

"वाचली. हरवला म्हणते."

"मग हरवला."

"बरं," तो म्हणाला आणि पुढे लिहू लागला. पेन्सिलीच्या टोकावरसुद्धा शंका घेणारा माणूस, त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर त्याला तिथेच कळलं असतं.

त्या रविवारी तो आमच्या घरी आला. आत्याने दारातच त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि मला स्वयंपाकघरात ओढलं. "हाच का तो मिशावाला? बराय की! मला वाटलं तू दगडाच्याच गळ्यात माळ घालणार." बाबांनी मात्र त्याला सरळ जवळ बसवलं आणि चाचपत त्याचा हात धरला.

"काय रे, माझा गट शाबूत आहे ना? की घातलास त्यालाही कुणाच्या तरी पोटात?"

"सर, काय बोलताय!" त्याचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला. "काठाच्या नळीवाले एकीकडे, मधल्या नळीवाले दुसरीकडे. त्यांना जोडणारा दुवा कुणाकडेच नाही, फक्त तुमच्याकडे आहे. मी काढतोय ते त्यांच्या वंशाचं सगळं झाड तुमच्या एकशे सतरावर उभं आहे."

बाबा हसले. बऱ्याच दिवसांनी असे हसले. मी चहाचा ट्रे धरून दारात उभी होते आणि कपबशा किणकिणत होत्या.

"थंडी वाजते का गं?" आत्याने विचारलं.

आठव्या महिन्यात त्याला दूरच्या एका विद्यापीठात जागा मिळाली. त्याचं झाड छापून आलं की तिथे रुजू व्हायचं. मजकूर चार दिवसांत पाठवायचा होता. दुपारी आम्ही अंगणात दगडांच्या पेट्यांवर ताडपत्री घालत होतो, तेवढ्यात सर आली आणि आम्ही दोघं त्याच ताडपत्रीखाली शिरलो. वर पाण्याचा ताशा वाजत होता. त्याच्या खांद्याला ओल्या मातीचा आणि शाईचा वास येत होता.

"तिथेही करवत आहे," तो म्हणाला.

"असू दे की."

"पण चालवणारी नाही."

"जाहिरात दे."

"दिली. आत्ताच दिली..." तो अडखळला. "येशील? माझ्याबरोबर... कायमची?"

मी रडले. त्याला वाटलं आनंदाने. अर्धं खरं होतं ते. "उद्या सांगते," मी म्हणाले. त्याने रुमालाच्या टोकाने आधी डोळे पुसले आणि मग सवयीने भुवई.

मी गप्प राहिले असते तर मला सगळं मिळालं असतं. तो, ते दूरचं घर, ती करवत, शिवाय बाबांचा गट. फक्त त्याच्या नावावर छापलं जाणारं झाड खोट्या दगडावर उभं राहिलं असतं आणि ते खोटं मला रोज समोर बसवून जेवू घालावं लागलं असतं. बाबांची चूक मी आठ वर्षं पोटात ठेवली होती. त्याचीही ठेवायची म्हटलं तेव्हा मात्र ते जमेना.

सकाळी मी तुटक्या पात्यांखालून तो तुकडा काढला आणि त्याच्या टेबलावर, त्याच्या झाडाच्या कागदावरच ठेवला. त्याने एका नजरेत ओळखला.

"एकशे सतरा? सापडला?" चेहरा असा उजळला त्याचा! "अगं, सर किती खूश होतील!"

आणि त्याने तुकडा रुंद टोकाकडून भिंगाखाली धरला. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. अर्धं मिनिटही लागलं नाही त्याला.

"हरवला नव्हता," मी म्हणाले. "काप माझाच तिरपा गेला. सहा अंश."

"कधीपासून माहीत आहे?"

"आठ वर्षं."

"मी विचारलं होतं तुला."

"बाबांसाठी... त्यांच्याकडे दुसरं काही नाही रे."

"मी तुला विचारलं होतं," तो पुन्हा म्हणाला, हळूच. "दगड चुकला त्याचं काही नाही. दगड रोज चुकतात. मी समोर बसून विचारलं होतं."

मला राग आला. त्याचा नाही, कशाचा ते आजही सांगता येणार नाही. "आता सांगितलं ना! छापायच्या आधी सांगितलं. न सांगता आले असते तुझ्याबरोबर, तर जन्मभर तुला ताकास तूर लागू दिली नसती!"

"तेच," तो म्हणाला. "तुला ते जमलं असतं."

त्याने झाडाचा कागद घडी करून खिशात घातला, कोनमापक काढला आणि उठला. मला वाटलं बाहेर चालला. तो कपाटाकडे गेला आणि ट्रे क्रमांक एक बाहेर काढला.

माझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या दोनशे साठ ट्रेंमध्ये होत्या. ते सगळे त्याने पुन्हा मोजले, तीन आठवडे, माझ्यासमोर. मजकूर पाठवायची मुदत उलटली, जागा त्याने विनवण्या करून दोन महिने राखून घेतली. काही हवं असेल तर मला "जरा तो ट्रे देता का?" असं म्हणायचा. अहोजाहो परत आलं. दोनशे एकोणसाठ काप सरळ निघाले. त्याने तसं मला सांगितलंही, अगदी प्रामाणिकपणे, जसं एखाद्या परक्या बाईला सांगावं.

बाबांना मी त्याच दिवशी संध्याकाळी सांगितलं होतं. ते ऐकून घेत बसले.

"किती अंश?"

"सहा."

"स्क्रू ढिला झाला होता?"

"हो."

"मी मागे उभा होतो." त्यांनी बोटांनी हवेतच स्क्रू आवळल्यासारखं केलं. "स्क्रू सुटल्याचा आवाज मलाही यायला हवा होता."

त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. आत्या माझ्याशी बोलली नाही. सकाळी बघते तर बाबा काठी घेऊन, कपडे करून तयार. मी त्यांना धरून विभागात नेलं. त्यांनी कोरी चिठ्ठी मागितली आणि मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं : 'काप तिरपा. गट रद्द.' खाली सही केली. ओळ कागदाबाहेर गेली ती त्यांना दिसली नाही. मग जिन्यात एका पायरीवर ते थांबले.

"माझ्यासाठी लपवलंस?"

"हो."

"मी मागितलं होतं का गं?"

मी मान हलवली, आणि त्यांना ती दिसणार नाही हे लक्षात आल्यावर "नाही" म्हणाले.

"एका दुपारचं दुःख होतं ते माझं," बाबा म्हणाले. "तू आठ वर्षं सांभाळलंस. तो मुलगा काय म्हणाला?"

"मोजून झालं की जाणार."

बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवायचा प्रयत्न केला, तो कानावर पडला. तो त्यांनी तिथेच राहू दिला. ज्यांचं मी सगळं हिरावून घेईन म्हणून घाबरले, त्यांनी मला एका जिन्यात माफ केलं. आणि ज्याचं मी वाचवलं... असो.

तो गेला त्या दिवशी मी करवतीवर होते. दारावरच्या धुरकट काचेपलीकडे तो येऊन उभा राहिला, हातात बॅग. मी ओळखलं. दगड निम्म्यात होता. थांबायला हवं होतं. मी पात्याकडे बघत तशीच कापत राहिले, कारण मला वाटलं हा माणूस पाट्यांवर विश्वास ठेवत नाही, आत येईलच. त्याने पाटी वाचली. थोडा वेळ उभा राहिला आणि निघून गेला.

नंतर कधीतरी त्याचं झाड छापून आलं, दुव्याशिवाय. दोन फांद्या आणि मध्ये मोकळी जागा. बाबांना मी ते वाचून दाखवलं. "प्रामाणिक आहे," ते म्हणाले.

एकशे सतराचा ट्रे उघडायला मला वर्ष लागलं. आता त्यात दोन्ही अर्धे भाग शेजारी शेजारी आहेत. वर माझी चिठ्ठी, तिच्याखाली बाबांची, आणि सगळ्यात खाली आणखी एक, बारीक नेटक्या अक्षरांत : 'दुसरा अर्धा भाग मिळाला. कापणारीने स्वतःहून दिला.' तारीख मी तुकडा त्याच्या टेबलावर ठेवला त्याच दिवसाची होती. म्हणजे बाबांच्या चिठ्ठीखाली त्याने ती नंतर ठेवली असली तरी, मोजायला उठला त्याच दिवशी कधीतरी त्याने 'स्वतःहून' हा शब्द लिहिला होता. तो न लिहिताही चाललं असतं.

मी तिथेच जमिनीवर बसले आणि पोटभर रडले. मग तीनही चिठ्ठ्या होत्या तशा ठेवल्या. वरची तेवढी काढून टाकावी असं फार वाटलं, पण नियमाप्रमाणे ती काढता येत नाही.